पावलं मोजून टाकलेला चेंडू : बिल वॉल्श यांच्या आक्रमणाचा अभ्यास

१९६९ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा दुसराच हंगाम चालू होता. नव्या संघाला इतरांनी सोडून दिलेले खेळाडू मिळतात, तसेच यांनाही मिळाले होते. एका जागी मात्र नशीब उघडलं होतं. सिनसिनाटीच्याच विद्यापीठातून आलेला ग्रेग कुक हा त्यांचा नवखा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईत चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, होता. अंगानं धिप्पाड, आणि हातात अशी ताकद की चेंडू पन्नास यार्डांवर सहज जाऊन पडावा. पहिल्याच वर्षी त्यानं दर फेकीमागे सरासरी ९.४ यार्ड मिळवले. नवख्या खेळाडूसाठी हा आकडा आजही अचाट वाटतो.

हे सगळं त्यानं फाटलेल्या खांद्यावर केलं होतं. हंगामातल्या तिसऱ्याच सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, त्याच्या उजव्या खांद्याला मार बसला. आतले स्नायूबंध फाटले होते, पण ते वेळेवर नीट लक्षात आलं नाही. तो दुखणं घेऊन खेळत राहिला. हंगाम संपला आणि त्याची कारकीर्दही जवळजवळ तिथंच संपली.

संघाचे मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राऊन होते. फेकीच्या खेळाची जबाबदारी बिल वॉल्श या सहायक प्रशिक्षकाकडे होती. १९७० च्या तोंडावर वॉल्श यांच्या हाती कुकच्या जागी व्हर्जिल कार्टर आला. बुद्धी तल्लख, पाय चपळ, नेम चांगला. लांब फेकीचा हात मात्र नाही. कुकसाठी आखलेल्या डावपेचांत कार्टर कुठंच बसत नव्हता. इथून पुढं वॉल्श यांनी जे केलं, ते या अभ्यासाचा विषय आहे.

आधी खेळ थोडक्यात

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी दोनच गोष्टी सांगतो. मैदान दोन गोलरेषांच्या मध्ये १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद असतं. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला 'डाऊन' म्हणतात. चारांत मिळून दहा यार्ड पुढं सरकलात की पुन्हा नवे चार प्रयत्न. असं सरकत सरकत शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन.

पुढं जायचे मार्ग दोन : चेंडू काखेत घेऊन पळायचं, किंवा क्वार्टरबॅकनं तो पुढं फेकायचा आणि रिसीव्हरनं झेलायचा. १९७० च्या सुमारास बहुतेक प्रशिक्षकांचा शिरस्ता असा होता की पहिले दोन प्रयत्न पळण्यात घालवायचे आणि अडलं तरच फेकायचं. फेकायचं ते लांब. रिसीव्हर खोल पळत जाणार, क्वार्टरबॅक मागं उभा राहून कोण मोकळा होतोय ते बघणार, आणि ताकदीनं चेंडू भिरकावणार. फेक ही जोखीम मानली जायची. झेल सुटला तर प्रयत्न वाया, आणि प्रतिस्पर्ध्यानं मध्येच झेलला तर चेंडूच गेला.

लांब फेकीचं हे शास्त्र वॉल्श यांना परकं नव्हतं. १९६६ मध्ये ते ओकलंड रेडर्सकडे सहायक होते, आणि तिथली पद्धत सिड गिलमन या प्रशिक्षकांच्या परंपरेतली, मैदान लांबीनं ताणणारी होती. (त्याआधी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, वॉल्श फ्रीमाँटच्या वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये मुलांना शिकवत होते. आज त्याच फ्रीमाँटमध्ये मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यापैकी काहींची मुलं त्या शाळेच्या मैदानावरही खेळली असतील.) गिलमन यांच्याकडून आलेली एक गोष्ट वॉल्श यांनी शेवटपर्यंत सोडली नाही : रिसीव्हरच्या पळण्याचे मार्ग एकमेकांशी बांधलेले असले पाहिजेत, प्रत्येकानं आपापलं पळून उपयोग नाही. त्यांनी बदलली ती दिशा.

अडचण आणि उत्तर

सिनसिनाटीत वॉल्श यांच्यापुढची अडचण साधी होती. नव्या संघाची आघाडीची फळी (पळणाऱ्याला वाट करून देणारी, क्वार्टरबॅकला राखणारी) दुबळी, त्यामुळं पळून यार्ड मिळणार नाहीत. क्वार्टरबॅकचा हात दुबळा, त्यामुळं लांब फेकून मिळणार नाहीत. प्रतिस्पर्धी ताकदीनं वरचढ. तेव्हा चेंडू जास्तीत जास्त वेळ आपल्याकडे राहील असं काहीतरी करणं भाग होतं.

कार्टरला काय येत नाही ते सगळ्यांना दिसत होतं. त्याला काय येतं याची यादी वॉल्श यांनी केली. तो जवळची फेक अचूक करतो. धावता धावता फेकू शकतो. आणि विचार झपाट्यानं करतो. हा कार्टर गणितातही मुरलेला होता. १९७१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकाबरोबर त्यानं एक शोधनिबंध लिहिला. मैदानाच्या कुठल्या जागी चेंडू हातात असणं किती गुणांच्या मोलाचं आहे, याचा हिशेब त्यात होता. आज क्रीडा-आकडेशास्त्रात ज्याला 'अपेक्षित गुण' म्हणतात, त्याची ही सुरुवातीची मांडणी. खेळाडूनं स्वतः असं काही लिहावं हे मला फार विलक्षण वाटतं, आणि वॉल्श यांना नेमका असा विद्यार्थी मिळाला हाही योगच.

यादीवरून उत्तर निघालं. मैदान लांबीनं ताणता येत नसेल तर रुंदीनं ताणायचं. ५३ यार्डांची रुंदी सगळी वापरायची. पाच-सहा यार्डांच्या फेकी, पण एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कुठंही; म्हणजे बचाव करणाऱ्यांना सगळी रुंदी राखावी लागेल आणि मध्ये फटी पडतील. झेलणाऱ्यानं झेलून थांबायचं नाही, त्या फटीतून पळायचं. क्रिकेट पाहणाऱ्याला हे पटकन उमजेल. षटकार मारणारा फलंदाज जखमी झालाय, तर एकेरी-दुहेरी धावांवर धावफलक हलता ठेवायचा आणि क्षेत्ररक्षकांना सतत पळवायचं. फेक ही जोखीम न राहता पळण्याइतकी भरवशाची व्हावी, हा उद्देश.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितली जाते, आणि तिथंच थांबते : वॉल्श म्हणजे आखूड फेकी. मला ते अपुरं वाटतं. आखूड फेकी त्यांच्या आधीही होत्या. त्यांचं खरं काम त्यापुढचं आहे, आणि ते पायांत आहे.

पायांचं घड्याळ

चेंडू मिळाल्यावर क्वार्टरबॅक काही पावलं मागं जातो. याला 'ड्रॉप' म्हणतात. पूर्वी ही पावलं म्हणजे गर्दीपासून दूर जाण्याची सोय होती. वॉल्श यांनी त्यांचं घड्याळ केलं. प्रत्येक डावासाठी, म्हणजे आधी आखलेल्या चालीसाठी, पावलं ठरलेली : तीन, पाच किंवा सात. तीन पावलांच्या डावात रिसीव्हर पाच-सहा यार्डांवर वळणार. पाच पावलांच्या डावात त्याहून पुढं. सात पावलांचा डाव खोल फेकीचा. क्वार्टरबॅकचा मागचा पाय शेवटच्या पावलाला टेकतो, त्याच क्षणी पहिला रिसीव्हर वळत असला पाहिजे. पाय टेकला की नजर पहिल्यावर. तो मोकळा, तर चेंडू गेला. नसेल तर पायाचा एक छोटा हेलकावा आणि नजर दुसऱ्यावर. तोही नसेल तर आणखी एक हेलकावा आणि नजर तिसऱ्यावर. हा तिसरा बहुधा जवळच बाहेर सरकलेला रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन पळणारा खेळाडू) असायचा.

याचा परिणाम नीट पाहू. चेंडू हातातून सुटतो तेव्हा झेलणारा अजून पुरता वळलेलाही नसतो. तो वळतो तेव्हा चेंडू वाटेत असतो. बचावपटूला प्रतिक्रिया द्यायला जो अर्धा सेकंद लागतो, तो आधीच खर्च झालेला असतो. वेगवान हातानं जे साधलं असतं, ते लवकर सोडलेल्या चेंडूनं साधलं. आणि क्वार्टरबॅकनं 'कोण मोकळा दिसतोय' म्हणून मैदानभर नजर फिरवायची नाही. क्रम ठरलेला आहे, आणि त्या क्रमाचं घड्याळ त्याच्या पायांत आहे. समोरून अंगावर येणारे बलदंड खेळाडू त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर चेंडू निघून गेलेला असायचा, त्यामुळं दुबळ्या आघाडीच्या फळीवरचा भारही कमी झाला.

फेकीच्या जागेबद्दल वॉल्श अतिशय काटेकोर होते. झेल पकडला गेला एवढ्यावर ते समाधानी नसत. चेंडू पळणाऱ्याच्या पुढ्यात, छातीच्या उंचीवर यायला हवा. त्याला मागं वळावं लागलं, वाकावं लागलं, तर त्यांच्या लेखी ती चुकीची फेक. कारण पाच यार्डांचा झेल पंधरा यार्डांचा होतो तो पळण्याचा वेग न तुटल्यामुळं. सरावात याच एका गोष्टीवर ते तासच्या तास घालवत.

रनिंग बॅकला झेलणारा बनवणं हाही याच रचनेचा भाग. समोरच्या लाईनबॅकरनं (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूनं) कुणाला धरायचं? मागं सरकून रिसीव्हरची वाट अडवली तर रनिंग बॅक मोकळा. त्याच्यावर धावून गेला तर मागची जागा मोकळी. क्वार्टरबॅकनं त्या एका माणसाकडं बघायचं आणि तो जे करील त्याच्या उलट करायचं.

दुसरी नवी गोष्ट कागदावरची. सामन्याचे पहिले डाव वॉल्श आधीच लिहून ठेवू लागले. सुरुवात मोजक्या डावांनी झाली. पुढं सॅन फ्रान्सिस्कोत ही यादी पंचवीसपर्यंत गेली. सामन्याच्या गदारोळात, थंडीत, प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात माणसाचं डोकं शांत चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून शांत डोक्यानं ठरवायचं आठवड्यात, आणि मैदानावर ते फक्त वाचायचं. खेळाडूंना आदल्या रात्रीच यादी माहीत असायची. शिवाय यादीतले सगळेच डाव यार्ड मिळवण्यासाठी नसत. काही केवळ प्रश्न विचारण्यासाठी असत : आम्ही असे उभे राहिलो तर तुम्ही कसे उभे राहता? उत्तर टिपून ठेवायचं आणि उत्तरार्धात वापरायचं.

पहिला हिशेब

१९७० मध्ये बेंगल्सनं पहिल्या सातपैकी सहा सामने गमावले आणि मग उरलेले सातही जिंकले. ८-६ अशा कामगिरीवर त्यांनी गटविजेतेपद घेतलं. तिसऱ्याच हंगामात बाद फेरी. तिथं बाल्टिमोरनं त्यांना १७-० असं हरवलं. पुढच्या वर्षी कार्टरनं ६२.२ टक्के फेकी यशस्वी केल्या, सगळ्या लीगमध्ये (नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल) सर्वाधिक. आणि त्याच वर्षी संघ ४-१० असा आपटला.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. आठ वर्षांनी, दुसऱ्या शहरात, याच आकड्याची सावली पुन्हा दिसणार आहे.

१९७१ मध्येच ऑगस्टाना या छोट्या महाविद्यालयातून केन अँडरसन आला. वॉल्श यांनी त्याला पावलांपासून घडवला. १९७४ आणि १९७५ अशी सलग दोन वर्षं क्वार्टरबॅकच्या मानांकनात तो लीगमध्ये पहिला होता. १९७५ चा हंगाम संपल्यावर पॉल ब्राऊन प्रशिक्षक म्हणून निवृत्त झाले. मुख्य प्रशिक्षकपद आपल्याला मिळेल अशी वॉल्श यांची अपेक्षा होती. ब्राऊन यांनी ते बिल जॉन्सन या दुसऱ्या सहायकाला दिलं. वॉल्श फार दुखावले, आणि सिनसिनाटी सोडून गेले. एक वर्ष सॅन दिएगोत, दोन वर्षं स्टॅनफर्ड विद्यापीठात, आणि १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षक होण्याची त्यांची ती पहिली वेळ.

सॅन फ्रान्सिस्को : आकडे वाढले, सामने हरले

संघ मोडकळीला आला होता. १९७८ मध्ये सोळापैकी दोन सामने जिंकलेले. इतक्या वाईट कामगिरीनंतर नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क मिळतो, पण तो हक्कही ओ. जे. सिम्प्सनच्या बदल्यात आधीच बफेलोला देऊन झाला होता. क्वार्टरबॅक स्टीव्ह डीबर्ग होता. १९७८ मध्ये त्याच्या ४५.४ टक्के फेकी यशस्वी झाल्या होत्या, आणि ८ टचडाऊनसमोर २२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं मध्येच झेललेल्या फेकी) होती.

वॉल्श यांच्या हाताखाली एका वर्षात तोच डीबर्ग ६० टक्क्यांवर गेला. ५७८ फेकी, ३४७ यशस्वी. एका हंगामासाठी दोन्ही आकडे तोवरचे लीगचे विक्रम. माणूस तोच, खांदा तोच. माझ्या मते वॉल्श यांच्या पद्धतीचा याहून स्वच्छ पुरावा नाही. पुढं आलेल्या जो मॉन्टाना या क्वार्टरबॅकच्या वाटेला कौतुक फार आलं, पण पद्धत पारखायची असेल तर सामान्य खेळाडूवर तिनं काय केलं ते बघावं, आणि डीबर्ग हे त्याचं उत्तर आहे.

संघाची कामगिरी मात्र पुन्हा २-१४.

अभ्यासकानं इथं थांबावं असं मला वाटतं, कारण या गोष्टीचा चमकदार भाग सांगताना हे वर्ष गाळलं जातं. संघानं केलेले आणि दिलेले गुण शेजारी मांडले की चित्र दिसतं. १९७८ मध्ये संघाने २१९ गुण केले. १९७९ मध्ये ३०८. आक्रमण सुधारलं, यात शंका नाही. पण त्याच दोन वर्षांत दिलेले गुण ३५० वरून ४१६ वर गेले. १९८० मध्ये ३२० केले, ४१५ दिले, कामगिरी ६-१०. आणि १९८१ मध्ये ३५७ केले, दिले फक्त २५०. कामगिरी १३-३.

म्हणजे १९७९ ते १९८१ या काळात आक्रमणानं ४९ गुणांची भर घातली आणि बचावानं १६६ गुण वाचवले. जगज्जेतेपदाच्या वर्षी निर्णायक बदल बचावात झाला होता. १९८१ मध्ये वॉल्श यांनी रॉनी लॉट, एरिक राइट आणि कार्ल्टन विल्यमसन हे तीन नवखे खेळाडू मागच्या फळीत उभे केले, सॅन दिएगोकडून फ्रेड डीनला आणलं, अनुभवी जॅक रेनॉल्ड्सला घेतलं. हे सगळं त्यांनीच केलं, त्यामुळं श्रेय त्यांचंच. पण ते डावपेचांच्या वहीला देता येत नाही. सिनसिनाटीचं १९७१ आणि सॅन फ्रान्सिस्कोचं १९७९ एकच गोष्ट सांगतात : ही पद्धत चेंडू हातात ठेवून देते, यार्ड देते. समोरच्याला रोखायचं काम तिचं नाही.

काळानंही हात दिला, हे नमूद करायला हवं. १९७७ पर्यंत लीगमधली गुणसंख्या फार घसरली होती. म्हणून १९७८ पासून नियम बदलले. पाच यार्डांच्या पुढं रिसीव्हरला ढकलायला, अडवायला बंदी आली, आणि आघाडीच्या फळीला हात लांब करून, तळवे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. रिसीव्हरनं ठरल्या क्षणी ठरल्या जागी पोचण्यावर ज्याचं सगळं गणित उभं आहे, त्याला याहून चांगला नियम कुठला?

१९७९ च्या निवडीत तिसऱ्या फेरीत, एकूण ८२ व्या क्रमांकावर, नोत्र दामचा जो मॉन्टाना मिळाला. हाताच्या ताकदीबद्दल शंका होती म्हणून तो इतका मागं राहिला. वॉल्श यांनी त्याचे पाय पाहिले : हलके, डौलदार, लयीत पडणारे. दहाव्या फेरीत क्लेमसनचा ड्वाइट क्लार्क. वॉल्श तिथल्या क्वार्टरबॅकची चाचणी घ्यायला गेले होते; त्याचा खोलीतला जोडीदार क्लार्क चेंडू झेलायला आला होता, तो त्यांच्या नजरेत भरला. १९८० मध्ये याच क्लार्कनं ८२ झेल घेतले आणि अर्ल कूपर या नवख्या रनिंग बॅकनं ८३. रनिंग बॅकचे झेल मुख्य रिसीव्हरपेक्षा एकानं जास्त! त्याच वर्षी ७ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्सविरुद्ध मध्यंतराला ७-३५ असे मागं पडलेले असताना संघानं जादा वेळेत ३८-३५ असा सामना काढला. समोरचा संघ कमकुवत होता, त्या हंगामात त्यांनी एकच सामना जिंकला. तरी २८ गुणांची पिछाडी भरून काढणं हा नियमित हंगामातला तोवरचा विक्रम होता. हताश होऊन लांब फेकी न करता आखूड फेकींनी मोठी पिछाडी भरता येते, हे खेळाडूंना त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

१० जानेवारी १९८२

कॅन्डलस्टिक पार्क. समोर डॅलस काउबॉइज. जिंकणारा सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, जाणार. सॅन फ्रान्सिस्कोनं सहा वेळा चेंडू गमावला होता आणि २१-२७ असे ते मागं होते. चेंडू स्वतःच्या ११ यार्डांच्या रेषेवर. जायचं ८९ यार्ड. वेळ पाच मिनिटांहून किंचित कमी.

या चढाईचा शेवट जगाला माहीत आहे, पण मला तिचा मधला भाग जास्त आवडतो. फेकणारा संघ फेकणारच, म्हणून डॅलसनं मागं जादा बचावपटू उभे केले होते. वॉल्श यांनी ते पाहिलं आणि चेंडू पळवायला सुरुवात केली. लेन्व्हिल एलियट हा संघातला कुणी मोठा खेळाडू नव्हता. त्या वर्षी संघातल्या सर्वात यशस्वी पळणाऱ्यानं, रिकी पॅटननं, अख्ख्या हंगामात ५४३ यार्ड मिळवले होते, इतकी ती बाजू लंगडी. तरीही एलियट पळत राहिला, यार्ड मिळत राहिले. फेकीसाठी नावाजलेल्या माणसानं कारकिर्दीतल्या सर्वात मोठ्या चढाईत पळण्यावर भिस्त ठेवली, कारण समोरच्यानं तीच जागा मोकळी सोडली होती. लाईनबॅकर जे करील त्याच्या उलट करायचं, हा सिनसिनाटीतला धडा त्यांनी इथं अख्ख्या बचावफळीला लावला.

शेवटी सहा यार्ड उरले. तिसरा डाऊन. मिनिटाहून कमी वेळ. 'स्प्रिंट राइट ऑप्शन' हा डाव. मॉन्टाना उजवीकडं पळणार, पहिली नजर फ्रेडी सॉलोमनवर. याच डावावर सॉलोमननं त्या सामन्यात आधी एक टचडाऊन केला होता. या वेळी तो घसरला. मॉन्टाना पळत पळत बाजूच्या रेषेपर्यंत गेला. अंगावर डॅलसचे तिघं, त्यात सहा फूट नऊ इंचांचा एड जोन्स. दुसरी नजर क्लार्कवर. तो शेवटच्या रेषेला समांतर, उलट फिरून पळत होता. चेंडू उंच गेला. आपल्या गड्याला मिळेल किंवा मैदानाबाहेर जाईल, तिसरं काही होणार नाही, इतका उंच. सहा फूट चार इंचांच्या क्लार्कनं उडी घेतली आणि बोटांच्या टोकांवर तो धरला. मॉन्टाना खाली पडला होता, त्यानं झेल पाहिलाच नाही.

याला दैवी झेल म्हणतात. झेल विलक्षणच होता. पण क्लार्क त्या जागी योगायोगानं नव्हता. पहिला अडला तर दुसऱ्यानं कुठं असायचं, हे ठरलेलं होतं, सराव शिबिरापासून घोटलेलं होतं, उंच फेकीसकट. २८-२७.

समोर आपलाच माणूस

दोन आठवड्यांनी, २४ जानेवारी १९८२ ला, सुपर बोलमध्ये समोर कोण? सिनसिनाटी बेंगल्स. क्वार्टरबॅक केन अँडरसन, त्या हंगामातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू. बेंगल्सचे मालक पॉल ब्राऊन.

मध्यंतराला सॅन फ्रान्सिस्को २०-० नं पुढं. उत्तरार्धात अँडरसन एकेक यार्ड परत मिळवू लागला. त्यानं ३४ पैकी २५ फेकी यशस्वी केल्या, ३०० यार्ड मिळवले. यशस्वी फेकींची संख्या आणि टक्केवारी, दोन्ही सुपर बोलचे तोवरचे विक्रम. एकूण यार्डांत बेंगल्स ३५६-२७५ असे पुढं होते. कमी यार्ड मिळवून सुपर बोल जिंकणारा सॅन फ्रान्सिस्को हा पहिला संघ ठरला. सामना तिसऱ्या सत्रात फिरला, तो एका यार्डावर. बेंगल्सना टचडाऊनसाठी एकच यार्ड हवं होतं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बचावानं ते दिलं नाही. २६-२१.

वॉल्श यांनी घडवलेला क्वार्टरबॅक वॉल्श यांच्याच पद्धतीनं जास्त यार्ड मिळवून हरला, आणि वॉल्श जिंकले ते बचावामुळं. १९७१ आणि १९७९ चा हिशेब इथं सगळ्या जगासमोर मांडला गेला.

पुढची वर्षं भरभराटीची होती. जानेवारी १९८५ मध्ये दुसरं विजेतेपद. १९८५ मध्ये रॉजर क्रेगनं पळून १,०५० आणि झेलून १,०१६ यार्ड मिळवले. एकाच हंगामात दोन्हीकडं हजार गाठणारा तो पहिला. ९२ झेल, लीगमध्ये सर्वाधिक, आणि तो रनिंग बॅक होता. त्याच वर्षी जेरी राइस हा रिसीव्हर आला. पद्धतीची कमजोरीही याच काळात उघडी पडली. न्यू यॉर्क जायंट्सच्या धसमुसळ्या बचावानं डिसेंबर १९८५ मध्ये ३-१७ आणि जानेवारी १९८७ मध्ये ३-४९ असं हरवलं. रिसीव्हरना सुरुवातीच्या पाच यार्डांतच धक्का दिला, क्वार्टरबॅकवर तिसऱ्या पावलाच्या आत कुणी पोचला, की घड्याळ चुकतं. हा खेळ नाजूक आहे अशी टीका झाली. निम्मी खरी होती. वॉल्श यांनी पुढं आघाडीची फळी मजबूत केली, हे त्याचंच उत्तर.

'वेस्ट कोस्ट ऑफेन्स' हे नाव नंतर चिकटलं. मुळात ते सॅन दिएगोच्या डॉन कोरिएल यांच्या परंपरेसाठी वापरलं गेलं होतं आणि चुकून वॉल्श यांच्या नावावर आलं. वॉल्श यांना ते पटत नसे. या पद्धतीचा जन्म ओहायोतल्या सिनसिनाटीत झाला, त्यामुळं तिचंच नाव त्यांना योग्य वाटायचं. मलाही. त्यांचे सहायक पुढं एकेका संघाचे प्रशिक्षक झाले : जॉर्ज सायफर्ट, माइक होल्मग्रेन, डेनिस ग्रीन, सॅम वाइश. होल्मग्रेन यांच्याकडून अँडी रीड. सॅन फ्रान्सिस्को संघातच, वॉल्श यांनी प्रशिक्षकपद सोडल्यानंतरच्या काळात, २००१ मध्ये पराग मराठे हे नाव आलं आणि पुढं वरिष्ठ व्यवस्थापनात पोचलं. नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या हक्कांची किंमत आकड्यांत मांडण्याच्या कामातून त्यांची तिथं सुरुवात झाली. कार्टरच्या शोधनिबंधाची त्यांना किती माहिती होती कोण जाणे, पण मला तो धागा एकच वाटतो.

२२ जानेवारी १९८९, मायामी. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक म्हणून वॉल्श यांचा शेवटचा सामना. समोर पुन्हा बेंगल्स. त्यांचे प्रशिक्षक सॅम वाइश, मालक अजूनही पॉल ब्राऊन. सॅन फ्रान्सिस्को १३-१६ असे मागं, चेंडू स्वतःच्या ८ यार्डांवर, वेळ सव्वातीन मिनिटांच्या आसपास. क्रेगला आठ यार्ड. जॉन फ्रँकला सात. राइसला सात. एका दंडानं मागं पडले तेव्हा राइसला २७, त्यातलेही बरेचसे झेलल्यानंतर पळून. शेवटचे दहा यार्ड उरले असताना बेंगल्सच्या बचावाची नजर राइस आणि क्रेग यांच्यावर होती. जॉन टेलरनं त्या सामन्यात तोवर एकही झेल घेतलेला नव्हता. मॉन्टानानं पावलं टाकली, पाय टेकला, आणि चेंडू सुटला. टेलर मधल्या मोकळ्या जागेत वळत होता. ३४ सेकंद बाकी, २०-१६.